व्यक्तिगत संपर्कासाठी वॉकीटॉकीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
सह्याद्रीतील अनेक दऱ्याखोऱ्यांत मोबाईलला नेटवर्क मिळत नाही. अशा ठिकाणी क्षेत्रभेटीस विद्यार्थ्यांना नेणाऱ्या प्राध्यापकांना वॉकीटॉकी उपयुक्त ठरतो. मात्र खोक्यावरील पल्ल्याचा आकडा हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात योग्य निकषांचे विवेचन केले आहे.

१. वारंवारता :
भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. अमेरिकेत ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झवरील कौटुंबिक वापराचे संच विनापरवाना चालतात. भारतात त्यांना ही सवलत नाही. म्हणून परदेशातून आणलेला संच तपासूनच वापरावा. खरेदीपूर्वी उपकरण प्रकार मान्यता, म्हणजेच ईटीए, असल्याची खात्री करावी.

२. पल्ला :
या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. दोन्ही संच दीड मीटर उंचीवर असल्यास सपाट, मोकळ्या भूमीवरही पृथ्वीच्या वक्रतेमुळे सुमारे १० किलोमीटर ही सैद्धांतिक मर्यादा पडते. डोंगर आड आल्यास पल्ला एक किलोमीटरच्या आतही येतो. येथे अधिक शक्तीपेक्षा अधिक उंची उपयोगी पडते. यास्तव दोन संचांऐवजी तीन घ्यावेत व तिसरा माथ्यावरील सहकाऱ्याकडे निरोप पोहोचविण्यासाठी द्यावा.

३. गोपनीयता :
'प्रायव्हसी कोड'मुळे इतरांचे बोलणे आपल्या संचावर येत नाही; आपले बोलणे मात्र इतरांना ऐकता येते.

समारोप :
प्रथम वैधता, नंतर भूरूप व शेवटी किंमत, हा निवडीचा क्रम असावा. निघण्यापूर्वी प्रत्यक्ष स्थळी चाचणी घेणे हीच पल्ल्याची खरी कसोटी होय.