शेतातला घास नदीच्या पोटात

जून २०२५. अमेरिकेतील आयोवा राज्याची राजधानी डी मॉईन. शहराची तहान भागवणाऱ्या रॅकून आणि डी मॉईन या दोन्ही नद्यांना पाणी भरपूर. तरीही पाणीपुरवठा संस्थेने सुमारे सहा लाख लोकांना बजावले, की अंगणातल्या हिरवळीला पाणी घालणे ताबडतोब बंद करा. दुष्काळात असा हुकूम निघाला तर कोणाला नवल वाटणार नाही. पण नद्या वाहत असताना? गोम अशी होती, की पाणी होते, पण त्यात नायट्रेट इतके उतरले होते, की ते काढून टाकणारी यंत्रे दिवसरात्र चालवूनही पुरी पडत नव्हती.

हे नायट्रेट बहुतांशी शेतांतून आले होते. मका आणि सोयाबीनची ती शेते नदीच्या वरच्या अंगाला, शहरापासून कित्येक मैल दूर. सातासमुद्रापलीकडची ही कथा रविवारी सकाळी चहाबरोबर कशाला वाचायची, असे कोणी विचारील. तर त्याचे उत्तर आपल्या कृष्णाकाठी आहे. पण आधी आयोवाची गोष्ट पुरी करू.

जमिनीखालच्या नळ्या

उत्तर आणि मध्य आयोवाचा मोठा भाग दीडशे वर्षांपूर्वी दलदलीचा होता. माती काळीभोर, कसदार. पण वसंतात पाणी साचे आणि पेरणीच करता येत नसे. शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल चर खणले, त्यांत भाजलेल्या मातीच्या नळ्या टाकल्या आणि वर माती लोटली. साचलेले पाणी नळ्यांत झिरपू लागले, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाऊ लागले. पुढे मातीच्या नळ्यांची जागा छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पाईपांनी घेतली. दलदलीच्या जागी जगातली एक नामांकित सुपीक शेती उभी राहिली. या नळ्यांना नावे ठेवून चालणार नाही. त्या नसत्या, तर तिथे पीकच नसते.

पण पाणी जाते ते एकटे जात नाही. आपण शेतात युरिया टाकतो. जमिनीतले जिवाणू आधी त्याचे अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवर ऋण, म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवरचा भार मात्र ऋण. माती त्याला जवळ करत नाही. पाण्यात विरघळावे आणि पाणी नेईल तिकडे जावे, हा त्याचा स्वभाव. स्फुरदाचे उलट आहे. ते मातीला चिकटून बसते आणि गढूळ पाण्याबरोबर वरून वाहून जाते.

यात सारा दोष जास्त खत टाकणाऱ्याचा, असेही नाही. वसंतात जमीन तापते, जुन्या कुजलेल्या पालापाचोळ्यातूनही नायट्रेट सुटते, पाऊस पडतो आणि त्या वेळी मका नुकता कुठे उगवत असतो. ताट वाढलेले असते, पण जेवणारा अजून पाळण्यात असतो. मग ते अन्न नळीवाटे नदीत जाते. एका हेक्टरमधून वर्षाला २०-३० किलो नत्र असे निसटणे ही तिकडे नवलाची गोष्ट नाही. म्हणजे युरियाचे एक-दीड पोते ओढ्यात ओतल्यासारखेच.

उकळूनही न जाणारे

घरातल्या बायकांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. पाणी गढूळ असेल तर आपण तुरटी फिरवतो, रोगराई असेल तर उकळतो. नायट्रेटला दोन्हींचा उपयोग नाही. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले की वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते.

१९४५ मध्ये आयोवातच डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी बालके निळी पडल्याचे नोंदवले होते. तान्ह्या मुलाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात मिसळते आणि प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची शक्ती घटते. या अनुभवातून पुढे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादा ठरल्या. आपल्याकडे ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे. अमेरिकेत नुसते नत्र मोजून ती १० मिलिग्रॅम सांगतात. हिशेब जवळजवळ एकच.

डी मॉईनच्या पाणीपुरवठा संस्थेने नायट्रेट काढण्याचा खास प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभीच उभारला. तो चालवण्याचा खर्च पडतो नळधारकांवर. २०१५ मध्ये संस्थेने वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला. कारखान्याच्या सांडपाण्याला परवाना लागतो, मग या नळ्यांना का नको, असा तिचा सवाल होता. २०१७ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला आणि हा प्रश्न विधिमंडळाने सोडवायचा आहे असे म्हटले.

पाणी तर तिथेही थांबत नाही. दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ते मिसिसिपीबरोबर मेक्सिकोच्या आखातात पोहोचते. तिथे हे खत शेवाळाला मिळते. शेवाळ माजते, मरते, तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासे पळून जातात. ज्यांना पळता येत नाही ते मरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात असा निष्प्राण पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. म्हणजे जवळजवळ दीड पुणे जिल्हा! तो ५,००० चौरस किलोमीटरपर्यंत आणण्याची मुदत आधी २०१५ होती. ती आता २०३५ पर्यंत पुढे गेली आहे.

आपल्या उसाच्या फडात

आता कृष्णाकाठी येऊ. सांगली-कोल्हापूरकडे बारमाही पाणी आले, ऊस आला आणि पाठोपाठ जमिनी क्षारपड झाल्या. ज्या रानात एके काळी उसाचे फड डोलत, तिथे पांढरे मीठ फुटले. त्यावर उपाय म्हणून सच्छिद्र पाईपांची भूमिगत निचरा पद्धत आली. शिरोळ तालुक्यात तर दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने हजारो एकरांवर हे काम झाले आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. हे काम मोलाचे आहे आणि ते वाढायलाच हवे.

पण आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची. सगळे युरियातून द्यायचे म्हटले, तर एकरी जवळजवळ आठ पोती. त्यातच सरी तुडुंब भरून पाणी देण्याची सवय. अशा रानात पाईप टाकला की मिठाबरोबर नायट्रेटही बाहेर पडणार. पाईपाचे तोंड ओढ्यात, ओढा नदीत आणि खालच्या गावाची जॅकवेल त्याच नदीवर. पंचगंगेच्या दुखण्यात शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी यांचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण नदीवर केंदाळ माजते तेव्हा त्याला खत कोणाच्या पोत्यातले, हे ते विचारत नाही.

विहिरींचीही हीच कथा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. त्यात खतांबरोबर मैलापाणी आणि गोठ्यांतली घाणही आली.

उपाय अवघड नाहीत. उसाला नत्र चार हप्त्यांत द्यावे ही शिफारस जुनीच आहे. ठिबकातून थोडे थोडे दिले तर मुळांना मिळते आणि निसटते कमी. आयोवात पाईपाच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेले खड्डे करतात. त्यातले जिवाणू नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू करून हवेत सोडतात. काही शेतकरी पाईपाला झडप बसवून गरजेपुरतेच पाणी सोडतात, काही मोकळ्या रानात जमीन झाकणारे पीक घेतात. आपल्याकडे निचऱ्याचे पाणी खारे असते, त्यामुळे तिकडचे सारे जसेच्या तसे चालेल असे नाही. पण पाईपाची आखणी होते तेव्हाच त्याचे तोंड कुठे उघडणार आणि तिथले पाणी कोण तपासणार, हे ठरवणे आपल्या हाती आहे. तिकडे हा विचार नळ्या टाकल्यावर शंभर वर्षांनी सुरू झाला. आपले काम अजून चालू आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही.

तपासणीसाठी शहरात धावण्याचीही गरज नाही. गावातल्या महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि शिक्षण देण्याची तरतूद जलजीवन मिशनमध्ये आहे. पुढच्या ग्रामसभेत एवढेच विचारावे, की आपल्या पाण्यातले नायट्रेट शेवटचे कधी मोजले? वरच्या गावाने हा प्रश्न खालच्या गावाचा म्हणून सोडून देऊ नये. नदीकाठच्या सोयरिकी नदीकाठीच होतात. ज्याच्या रानातले पाणी ओढ्याला लागते, त्याच्याच लेकीचे सासर पुष्कळदा खालच्या गावात असते, आणि नातवाचे दूध तिथल्याच पाण्यात कालवले जाते.