अवतरण नौकेची प्रतिकृती

अवतरण नौकेची प्रतिकृती : दुसऱ्या महायुद्धात सैनिक व वाहने उघड्या किनाऱ्यावर उतरविण्यासाठी वापरलेल्या नौकेचे, सुट्या भागांच्या संचातून जोडावयाचे प्रमाणबद्ध लहान प्रारूप. असे संच बहुधा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असून मुख्यतः १:७२ व १:३५ या प्रमाणांत मिळतात. त्यांत अमेरिकेची एलसीव्हीपी ही नौका विशेष प्रचलित आहे. न्यू ऑर्लीअन्स येथील नौकाबांधणी उद्योजक अँड्रू हिगिन्स यांच्या नावावरून ती ‘हिगिन्स नौका’ म्हणूनही ओळखली जाते.

हिगिन्स यांच्या आरंभीच्या नौका लुइझिॲनाच्या दलदलींसाठी होत्या. उथळ तळ आणि तळातील खाचेत सुरक्षित राहणारा प्रचालक यांमुळे त्या वाळूवर चढवून पुन्हा मागे घेता येत. मात्र सैनिकांना काठावरून उड्या टाकाव्या लागत. १९३७ मध्ये शांघाय येथे अमेरिकेच्या मरीन दलातील अधिकारी व्हिक्टर क्रूलॅक यांनी नाळेशी उतरते दार असलेल्या जपानी नौकांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या कथनानुसार अहवाल दुर्लक्षित राहिल्याने त्यांनी बाल्सा लाकडाची प्रतिकृती करून वरिष्ठांपुढे ठेवली. १९४१ मध्ये हिगिन्स यांनी आपल्या नौकेस असे दार बसविले. या नौकेच्या इतिहासात प्रतिकृती खऱ्या नौकेच्या आधी येते, ती अशी. युद्धकाळात २३,००० हून अधिक एलसीव्हीपी बांधण्यात आल्या.

मूळ नौका सु. ११·०५ मी. लांब व ३·३ मी. रुंद होती. तीत चार खलाशांखेरीज ३६ सैनिक किंवा एक जीपगाडी व १२ सैनिक मावत. १:३५ प्रमाणात तिची लांबी सु. ३१·६ सेंमी. व रुंदी ९·४ सेंमी. भरते. हे विचित्र प्रमाण रूढ झाले ते जपानच्या तामिया कंपनीच्या एका रणगाड्यामुळे : आत विद्युत् घट व चलित्र मावावे म्हणून त्याचा आकार तसा ठरला होता.

जोडणीत तळ, प्रचालकाची खाच व दार उचलणारे दोर यांचे कार्य चित्रापेक्षा स्पष्ट कळते. जाडीबाबत मात्र प्रतिकृती फसवी ठरते. १ मिमी. प्लॅस्टिक म्हणजे मूळ मापात ३५ मिमी.; प्रत्यक्षात नौकेच्या प्लायवुडच्या बाजू त्याहून पातळ होत्या. म्हणून जाणकार कारागीर दिसणाऱ्या कडा घासून बारीक करतात. रंग देताना लाकडाच्या रेषा ठळक करण्याचा मोह टाळावा लागतो. मूळ नौका रंगविलेली असे.

याहून मोठी उणीव रिकामेपणाची आहे. इटालेरी या इटालियन कंपनीच्या १:३५ प्रमाणातील संचात सैनिकांच्या आकृत्याही दिल्या गेल्या. पण मोजक्या आकृत्यांनी नौका प्रशस्त भासते. सु. ५ सेंमी. उंचीच्या ३६ आकृत्या साहित्यासह उभ्या केल्या की हालचालीस जागा उरत नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर दार पडताच पुढची रांग थेट जर्मन मशीनगनांसमोर येत होती आणि मागच्यांना बाहेर पडण्यास दुसरी सोयीची वाट नव्हती. दार उघडे ठेवून केलेली मांडणी हे दाखविते. दार मिटलेल्या प्रतिकृतीत केवळ एक डौलदार नसलेली, खोक्यासारखी होडी दिसते.