प्रचार थांबल्यानंतरचे ४८ तास

लोकसभा निवडणुकीचा प्रचार अखेरच्या दिवसांत शिगेला पोहोचतो. चौकाचौकांत सभा होतात, ध्वनिक्षेपक घुमू लागतात आणि मतदार सर्वांचेच म्हणणे ऐकून घेतो. मात्र मतदान संपण्याच्या निश्चित वेळेपूर्वीच्या ४८ तासांत जाहीर सभा व मिरवणुकांना लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ अन्वये मनाई आहे. महाराष्ट्रात अखेरच्या टप्प्याचे मतदान २० मे २०२४ रोजी झाले. त्यासाठीचा प्रचार १८ मे रोजीच थांबला होता. या काळात मद्यविक्रीही बंद असते. दडपण वा प्रलोभन यांवाचून मतदाराला विचार करता यावा, हा यामागील हेतू होय. मत कोणाला दिले, हे सांगण्याची सक्तीही त्याच्यावर कलम ९४ अन्वये करता येत नाही. अखेरचा निर्णय सर्वस्वी त्याचाच असतो.