आणि मग पुढे काय झाले?

गेल्या हिवाळ्यात कॉलेजची सहल घेऊन मी बऱ्हाणपूरला गेलो होतो. शाही किल्ला पाहून झाल्यावर मुलांना लोधीपुऱ्यातल्या दर्गा-ए-हकिमीत नेले. बोहरा समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. तिथून बाहेर पडल्यावर झाडाखाली बसून मी मुलांना सांगितले, की हैदराबादचा पहिला निजाम 1748 साली याच बऱ्हाणपुरात वारला आणि बरोबर दोनशे वर्षांनी, 1948 मध्ये, त्याच्या वंशाचे राज्य संपले.

बिदरकडच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग पोलीस ॲक्शन हा परकीय हस्तक्षेपच झाला ना?’’

निजाम सरकारचे म्हणणे तेच होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. भारताने हा आमचा घरातला प्रश्न आहे असे उत्तर दिले. पण आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा कायद्याचा काथ्याकूट परवडणारा नव्हता. त्याच मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी रझाकारांनी मोठे हत्याकांड केले होते. माणसे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडे पळत होती. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या. पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद चर्चेला बसली ती 16 तारखेला, आणि 17 ला इथे सगळे संपले. जगाच्या परवानगीची वाट पाहिली असती तर आणखी किती गोरटा झाले असते? फौजा आल्या ते योग्यच झाले, असे मी त्या मुलीला सांगितले.

पण वाचकहो, उत्तर तिथे संपत नाही, हे मला माझ्या अज्जीने शिकवले. म्हणजे तिच्या गप्प बसण्याने.

अज्जी भालकीकडची. घरात कन्नड, बाजारात मराठी. रझाकारांच्या दिवसांत शेजारच्या मोमिनांनी तिला मागाच्या खड्ड्यात दोन रात्री लपवले, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली. ‘‘अज्जी, त्या मोमिनांचे पुढे काय झाले?’’ असे विचारले, की ती ‘‘साकु मगा’’ म्हणून उठून जाई. पुरे आता, बाळा.

पुढे काय झाले ते मला पुस्तकांतून कळले. फौजा आल्यानंतर सूडाची लाट उसळली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजाने कारवाईच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद (आता धाराशिव), गुलबर्गा (आता कलबुर्गी), बिदर आणि नांदेड. म्हणजे आपलेच. हा अहवाल कित्येक दशके बंद राहिला.

समिती गावोगाव फिरत होती त्याच डिसेंबरात, 9 तारखेला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. जगाने अजूनही धडा घेतलेला नाही. 1994 मध्ये रवांडात लाखो माणसे मारली जात असताना जग पाहत राहिले. 2003 मध्ये इराकमध्ये फौजा शिरल्या, पण नंतर शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून कोण वाचवणार, याचा विचार कोणी केला नव्हता. वाचवायला येणाऱ्याचे काम जिंकल्यावर संपत नाही, तिथे ते सुरू होते.

त्या अहवालात एक दिलासाही आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन. मराठीत कोष्टी म्हणा, कन्नडात नेकार म्हणा, मागाचे नाते टिकले.

परतताना बऱ्हाणपुरात यंत्रमागांची खडखड ऐकू आली आणि अज्जीचा तो खड्डा आठवला. अज्जी आता नाही. तुमच्या घरी कोणी वडीलधारे असतील, तर यंदा 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर त्यांच्याजवळ बसा. रझाकारांची गोष्ट संपली, की हळूच विचारा, ‘‘आणि मग पुढे काय झाले?’’