चार दिवसांची पगारवाढ

४ डिसेंबर २०२४. अलेप्पो हातचे गेलेले, बंडखोर हमाच्या वेशीवर आलेले. आणि सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद यांनी सैनिकांच्या मूळ पगारात ५० टक्के वाढ करण्याचा हुकूम काढला. तीही फक्त कायम नोकरीतल्यांना. सक्तीच्या भरतीतून आलेल्या, वर्षानुवर्षे घरी न सोडलेल्या पोरांच्या हातावर काहीच पडणार नव्हते!

बाकीच्यांचा तरी पगार दीडपट होऊन काय होणार होते? २०११च्या सुरुवातीला एका डॉलरला ५०च्या आत सीरियन पौंड मिळत. २०२४च्या अखेरीस दर १३ हजारांपुढे गेला होता. असदांची खरी मदार रशियन विमानांवर आणि इराणी पाठबळावर होती, पगारपत्रकावर नव्हेच. रशिया आणि इराण दोघेही तेव्हा आपापल्या लढायांत अडकलेले.

५ डिसेंबरला हमा पडले, ८ तारखेला पहाटे दमास्कस. असद मॉस्कोला पळाले. सैनिकांनी गणवेश रस्त्याकडेला टाकले आणि साध्या कपड्यांत घरची वाट धरली. सुमारे दोन हजार जण सीमा ओलांडून इराकमध्ये शिरले. २९ जानेवारी २०२५ रोजी नव्या सत्ताधीशांनी जुने लष्करच बरखास्त केल्याचे जाहीर केले.