नवी भाषा : कोणाला सोपी, कोणाला अवघड?



"आता ह्या वयात कुठली भाषा येणार आम्हांला!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. बंगळुरूस मुलाकडे राहावयास गेलेले आईवडील ते म्हणतात. उत्तरेकडून आपल्या गावी येऊन दहा वर्षे सुतारकाम करणारा कारागीरही मराठीविषयी थोड्याफार फरकाने तेच म्हणतो. ह्याच्या जोडीला दुसरेही एक वाक्य असते : "लहान मुलांचे काय, त्यांना भाषा आपोआप येते." ही दोन्ही वाक्ये इतकी सर्वमान्य झाली आहेत की ती खरी आहेत की नाहीत, हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. आज आपण तेवढेच काम करू.

पहिला प्रश्न असा की, काही भाषा मुळातच सोप्या व काही मुळातच अवघड असतात काय? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक शिक्षणसंस्था १९४७ साली स्थापन झाली. परदेशी वकिलातींत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना ती भाषा शिकवते. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून तिने भाषांच्या प्रती लावल्या आहेत. कामकाजापुरती चांगली भाषा येण्यास स्पॅनिश किंवा फ्रेंचला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. हिंदी, बंगाली, तमिळ, रशियन ह्यांना सुमारे ११०० तास. आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियन ह्यांना सुमारे २२०० तास. घरचा अभ्यास वेगळाच.

हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, चला, निकाल लागला! परंतु ही यादी कोणासाठी केली आहे हे विसरून चालणार नाही. ती इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची यादी आहे. मराठी माणसाला हिंदीसाठी ११०० तास वर्गात बसावे लागेल, असे आपल्या किराणा दुकानदाराला सांगून पाहा. तो तराजू खाली ठेवून हसेल.

अमेरिकन माणसाला सर्वांत अवघड वाटणाऱ्या भाषांपैकी जपानीचेच उदाहरण घेऊ. "मी पाणी पितो" हे जपानीत "वाताशि वा मिझु ओ नोमिमासु" असे होते. आधी मी, मग पाणी आणि पिण्याचे क्रियापद सर्वांत शेवटी! आपण 'घरात', 'घराहून' म्हणतो तसे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागून येतात. त्यांच्या अक्षरमालेत आ, इ, उ, ए, ओ हे स्वर पहिले, आणि पुढे क, स, त, न अशा रांगा. बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा तो ठसा आहे. इंग्रजी माणसाला वाक्य उलटे करून बोलावे लागते, तेथे मराठी माणूस आपल्या सवयीनेच चालू शकतो. लिपीच्या बाबतीत मात्र जपानी भाषा कोणालाच सवलत देत नाही. दोन अक्षरमाला तर शिकाव्या लागतातच, शिवाय नित्य वापरासाठी तेथील सरकारने २०१० साली ठरवलेल्या यादीत २१३६ चिनी चिन्हे आहेत.

तात्पर्य हे की, अवघडपणा हा भाषेचा गुणधर्म नाही. ते दोन भाषांमधले अंतर आहे. सातारा लांब आहे काय, असे कोणी विचारले तर आपण प्रथम विचारतो, "निघणार कोठून?" भाषेचेही तसेच आहे.

मग जवळची भाषा सोपीच असणार, असे वाटेल. येथे एक गंमत आहे. जवळची भाषा लवकर समजते, परंतु नीट येण्यास फार दिवस लागतात. कारण ओळखीचे शब्दच दगा देतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. ते ध्यानात न घेता हिंदी गृहस्थ जर "माझ्या मुलांच्या शिक्षेची सोय कोठे होईल?" असे विचारू लागला, तर ऐकणारा त्याला पोलीसचौकीचा रस्ता दाखवील. हिंदीतील 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे थट्टा. त्यांची 'यातायात' रस्त्यावरची वाहतूक असते; आपली यातायात जिवाची असते. त्यांचा 'संसार' म्हणजे सारे जग, तर आपला संसार दोन खोल्यांत मावतो. दूरच्या भाषेत माणूस प्रत्येक पाऊल जपून टाकतो. शेजारच्या भाषेत तो बेसावध असतो आणि म्हणून ठेचकाळतो.

आता बाहेरून येणाऱ्याच्या नजरेने आपल्या मराठीकडे पाहू. ती आपल्याला सोपी वाटते, कारण आपण तिच्यातच वाढलो. कन्नडमध्ये लिंगाचा हिशेब बहुतांशी सरळ आहे : पुरुष असेल तर 'तो', स्त्री असेल तर 'ती', बाकी सारे 'ते'. बंगालीत तर क्रियापदाला व सर्वनामाला लिंगाची पंचाईतच नाही. अशा माणसाने विचारले की, पलंग 'तो', खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' हे कशावरून, तर आपल्यापाशी काय उत्तर आहे? पुढे आमचे सामान्यरूप येते. 'रस्ता' असतो, पण 'रस्तात' होत नाही, 'रस्त्यात' होते. 'भाऊ'चे 'भावाला' होते, 'पाणी'चे 'पाण्यात' होते. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' ह्यांतील च लिहिण्यात एक, उच्चारात दोन. 'आम्ही जाऊ' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण जाऊ' म्हटले तर तो बरोबर येतो. हा भेद गुजराती माणसाला आयताच मिळतो, कारण त्याच्या भाषेत तो आहे. हिंदी माणसाला एका 'हम'वर भागवण्याची सवय असल्यामुळे तो पुष्कळ दिवस अडखळतो. हे सारे ध्यानी घेतले म्हणजे आपल्या दारी मोडकेतोडके मराठी बोलणाऱ्याने किती वाट चालून आला आहे, ह्याची कल्पना येते.

आता वयाच्या प्रश्नाकडे वळू. कॅनडात जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीझ ह्यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' व 'ट' ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवावयाची आणि मग त्याला खेळणे दिसावयाचे, अशी योजना होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा भेद कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो कळणारी थोडीच उरली. म्हणजे कान आपल्या घरच्या भाषेपुरता ठरून जाण्यास आरंभ होतो तो बोलू लागण्याच्याही आधी. उच्चाराच्या बाबतीत लहानपणाचा लाभ खरा आहे, तो ह्यामुळे.

परंतु उच्चार म्हणजे सारी भाषा नव्हे. हॉलंडमध्ये नव्याने राहावयास आलेल्या इंग्रजीभाषकांची पाहणी कॅथरीन स्नो व त्यांच्या सहकारी ह्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जलद डच शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले. प्रौढही चांगलेच पुढे होते. मागे राहिली ती तीन ते पाच वर्षांची बालके! २०१८ साली अमेरिकेत सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी इंटरनेटवरून घेऊन जोशुआ हार्टशोर्न आदी संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, व्याकरण आत्मसात करण्याची शक्ती सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि नंतर उतरू लागते. ती उतरते, नाहीशी होत नाही.

मग लहान मूल पुढे निघून जाते ते कसे? साधा हिशेब करू. मूल दिवसाचे दहा तास भाषेत बुडालेले आहे असे धरले, तर तीन वर्षांत जवळजवळ अकरा हजार तास होतात. शिवाय त्याचे चुकले तर घरचे लोक कौतुकाने हसतात आणि पुन्हा बोलायला लावतात. प्रौढ माणूस रोज अर्धा तास पुस्तक उघडतो. वर्षाचे सुमारे १८० तास झाले. ११०० तास भरावयास त्याला सहा वर्षे लागतील. आणि हा गृहस्थ सहा महिन्यांत पुस्तक मिटून म्हणतो, "वय झाले!" वय झाले हे खरे असेल, पण तास झाले नाहीत हे त्याहून खरे आहे.

प्रौढपणी भाषा कोठवर येऊ शकते, ह्याचा दाखला आपल्याच साहित्याच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास आला तेव्हा तिशीचा होता. तो साष्टीतील लोकांमध्ये राहिला, त्यांच्या बोलीत बोलला, आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या! कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. तसाच जोसेफ कॉनरॅड. हा जन्माने पोलिश. विशी उलटल्यावर तो इंग्रजी जहाजांवर खलाशी म्हणून इंग्रजी शिकला आणि त्या भाषेतला थोर कादंबरीकार झाला. त्याच्या बोलण्यातले परके वळण मात्र अखेरपर्यंत गेले नाही. ते गेले नाही म्हणून त्याचे काय अडले?

ह्या दोघांत एक गोष्ट समान आहे. एकाला साष्टीचे शेजारी मिळाले, दुसऱ्याला जहाजावरचे सोबती. पाठांतराला अर्थातच महत्त्व आहे. हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन संशोधकाने १८८५ सालीच दाखवले की पाठ केलेले भराभर विसरले जाते आणि एका बैठकीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून रोज थोडे, आणि काल-परवाचे पुन्हा, हा नियम शिकणाऱ्याने सोडू नये. परंतु उजळणीचा खरा गुरू म्हणजे समोरचा माणूस. तो असला तर तास आपोआप भरतात.

ह्याचे उत्तम उदाहरण सांगलीजवळचे कुपवाड. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन ह्यांनी ह्या गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला आणि जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना कुपवाड ठाऊक झाले. गावात कानडी, मराठी, उर्दू व तेलुगू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. घरात प्रत्येकाने आपली भाषा राखली, शेतात व बाजारात दुसऱ्याची वापरली. परिणाम असा झाला की शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच बनला. एका बोलीतले वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येऊ लागले. वेगळ्या भाषाकुळांतील भाषा, पण माणसांनी बोलून बोलून त्यांतील अंतर कमी केले. कोणत्या शाळेने हे केले नाही. ह्याच मातीत मराठी घरात जन्मलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले व १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळवून गेले. साताऱ्याचे काका कालेलकर गुजरातीत इतके मुरले की त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत.

आणि आपण काय करतो? परप्रांतातून आलेली परिचारिका धीर करून म्हणते, "माझी भाऊ आली." आपण लागलीच हिंदीवर घसरतो. हेतू चांगलाच असतो. तिला त्रास पडू नये. परंतु त्या क्षणी आपण तिचे शिकण्याचे दार लोटलेले असते. असे दिवसातून वीस जणांनी केले तर दहा वर्षांनीही ती 'माझी भाऊ'वरच राहणार. आणि मग आपणच सभेत तक्रार करणार की, येथे येऊन राहतात, पण मराठी शिकत नाहीत! तिने तास द्यावयाचे हे खरे, पण ते तास आपल्यापाशी आहेत. आपला मुलगा बंगळुरूत कन्नड शिकू लागला, तर त्यालाही असाच कोणी शेजारी लागणार आहे.

म्हणून आजच्या विवेचनातून एकच गोष्ट घरी न्यावी अशी विनंती आहे. उद्या कोणी आपल्याशी अडखळत मराठी बोलू लागला, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. हसू नये, चूकही चारचौघांत काढू नये. "हो का, तुमचा भाऊ आला? केव्हा आला?" असे सावकाश मराठीतच विचारावे. दुरुस्ती झाली, उजळणी झाली आणि अकरा हजारांतली दोन मिनिटेही भरली. आणि ज्यांना "आता ह्या वयात" असे वाटते त्यांनी शेजारच्या कानडी किंवा गुजराती घरी जाऊन रोज दोन वाक्ये बोलावीत. पहिले काही दिवस चुकेल. पण ते घर आपल्या दारापासून फार लांब नाही.