तिकीट काढू नका, कार्ड जपा

परदेशातल्या ओळखीच्यांशी पोस्टकार्डांची देवघेव करायची, तर पहिला नियम असा: तिकीट कार्डावरून काढू नये. लहानपणी मी इस्राएलहून आलेल्या आत्याच्या कार्डांवरची तिकिटे पाण्यात भिजवून काढली. तिकिटे राहिली, तिचे मराठी अक्षर धुऊन गेले.

पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव आणि तारीख कळते. तिकिटावर देशाचे नाव असते. ब्रिटनच्या तिकिटावर ते नसते. 1840 च्या पहिल्या तिकिटापासून राजा किंवा राणीचा मुखवटा हीच ओळख.

2012 साली भारत आणि इस्राएलने मिळून दिवाळी व हनुक्काची तिकिटे काढली. देवघेवीत ती अवश्य मागा. बदल्यात हाउन्सलोहून कार्ड पाठवा, पण चार ओळी मराठीत लिहा. आजीच्या पेटीतली जुनी कार्डे तिच्याकडूनच वाचून घ्या.